सुटला की सोडला

— नाही गं, इथं उपचार करताना झोपवत-बिपवत नाहीत. जागंच ठेवतात. प्रणितामॅडम समोर बसतात, दोन बोटं अशी धरतात — अशी — आणि डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. आपण मान हलवायची नाही, नुसते डोळे फिरवायचे, आणि जी आठवण नको असते तीच मनात धरायची. हसतेस? मीपण हसले होते. आमच्या ह्यांना म्हटलं, बोटं बघायला जयनगरपर्यंत कशाला, घरी मीच दाखवते की.

तू पहिल्यांदाच आलीस ना? बस बस. मी उभी राहते, मला बसवत नाही.

ह्यांचं नाव गिरीधर. यशवंतपूरला मिरची-धण्याचं ठोक दुकान, सासऱ्यांपासूनचं. गोदाम तळघरात. गेल्या पावसाळ्यात मागचा नाला फुटला आणि पाणी जिन्यावरून आत. हे आणि देवाप्पा — आमचा जुना हमाल — पोती वर रचत होते. दिवे गेले. देवाप्पाचा पाय पोत्यांखाली अडकला. ह्यांनी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने त्याचा हात. पाणी छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत — आणि हात गेला. देवाप्पा गेला गं.

मग काय? घरात नळ सोडायची चोरी. बादली भरायची ती हे बाहेर गेल्यावर. उजवी मूठ उघडेना — डाव्या हाताने जेवायला लागले, सांग आता. आणि तोंडात एकच, मी सोडला, मी सोडला. देवाप्पाची बायको, प्रेमा, स्वतः येऊन म्हणाली, अण्णा, तुम्ही काय करणार होता? तरी तेच. इथं यायला लागले तेव्हा तर परत जाताना रिक्षात उलटी व्हायची. मी भांडले मॅडमशी — बरं करताय का आणखी बिघडवताय? त्या म्हणाल्या, अक्का, स्वल्प धीर धरा.

धरला. काय करते? आणि एक दिवस मी आमटी वाढतेय, तर हे म्हणाले, ‘शालन, हात सुटला गं. मी सोडला नाही, सुटला.’ आणि उजव्या हाताने भात कालवला. मी पळी धरून उभीच.

आत? हे नाहीत आत. हे दुकानात. आता शॉवर सोडून आंघोळ करतात, गुणगुणतात. — म्हणूनच तर मी आलेय. तो आवाज आला की मी गच्चीत पळते.

त्या दिवशी हात सुटल्यावर हे कसेबसे मांडणीवर चढले आणि वरच्या फळीवर ठेवलेल्या मोबाइलवरून मला फोन लावला. ‘शालन, पाणी आलंय,’ एवढंच. मग नुसतं पाणी ऐकू येत होतं. मग तेही बंद. अग्निशामकवाल्यांनी बाहेर काढलं, पण मला कोण कळवणार? तोवर मी — कसं सांगू — मी मनात सगळं उरकलं होतं गं. भावाला कोण सांगेल, भटजी कोण. सोफा ओढून भिंतीला लावला, मधे जागा केली. ह्यांना ठेवायला. आणि हे दारात उभे, चिखलाने माखलेले. शेजारीपाजारी सगळे त्यांच्याकडे धावले. मी सोफा परत जाग्यावर ढकलत होते. कुणी बघू नये म्हणून.

ह्यांनाही नाही सांगितलं. त्यांना वाटतं, झोप लागत नाही म्हणून आलेय. गेल्या खेपेला ह्या दारापर्यंत येऊन परत फिरले. चहा पिऊन घरी गेले, म्हटलं, छान झालं. आज म्हटलं —

काय म्हणाली ती काउंटरवरची? शालन? हो, मीच. आले, मॅडम.

तू जातेस का आधी? नको? सरी, मीच जाते. अशी बघू नकोस गं माझ्याकडे. ते मासिक घे, वाच.