फक्त तुम्हालाच कळवत आहे

...नाई, पन मी म्हनतो, पत्रच लिवलं ना त्यानं? कोनाचं खळं तर नाई पेटवलं? तुमाले सांगतो राजेहो, आज आपल्या या सीमेवरच्या बेला गावात ज्याले त्याले बाबारावचं नाव घेतल्याबिगर चहा घशाखाली उतरत नाई. बाबाराव म्हनजे आपला मोटारस्टँडासमोरचा किरान्यावाला. पोरगी एकुलती एक, रेनुका, चोवीस सरून पंचविसावं लागलेली, बी.एड. झालेली, गावच्या मराठी शाळेत मास्तरीन. अन् घरात बायको प्रयागबाई, ती सकाळचा पहिला चहा देताना म्हने, स्थळाचं काय झालं? दुसरा चहा देताना म्हने, स्थळाचं काय झालं? मानसानं चहा सोडला, तर पान्याचा गिलास घेऊन आली अन् म्हने, स्थळाचं... आता सांगा, बाबारावचं काय चुकलं?

गोष्ट अठ्ठ्यान्नव सालची, दिवाळीनंतरची, घराघरात कापूस येऊन राह्यला होता तवाची. नागपूरहून समाजाच्या वधूवर मेळाव्याचं पुस्तक आलं. पोराची उंची, गोत्र, नोकरी, सगळं छापलेलं, अन् त्या साली पैल्यांदाच काही पोराईच्या नावाखाली एक इंग्रजी ओळ, मधात तो शेपटीवाला ए. बाबारावले वाटलं छापनाऱ्याची चूक हाय. त्यानं रेनुकाले इचारलं, तर तिनं सांगतलं का बाबा, हा ईमेलचा पत्ता हाय, कॉम्प्युटरवरून पत्र धाडलं तर पानी पिऊन होत नाई तोवर अमेरिकेत. झालं. आतापर्यंत त्या मानसानं पोष्टकार्डावर पोष्टकार्डं धाडली होती, अन् एकाचं उत्तर येईपर्यंत त्या पोराले लेकरू झालेलं. रेनुकानं एवढं बी म्हटलं होतं का कोनाले लिवायचं झालं तर आधी मले इचारा. पन इचारलं असतं तर ती नाई म्हनली असती, अन् नाई म्हनली असती तर घरात पुन्हा तो चहा... म्हनून इचारलंच नाई. पुस्तक पिशवीत टाकलं, त्यावर दोन वांगी ठेवली, अन् बसला आदिलाबादच्या गाडीत.

आदिलाबादले बसस्टँडच्या मांगं यशवंतरावचं टायपिंगचं दुकान. तीस वर्षं त्या मानसानं तहसिलीच्या अर्ज्या टाईप केल्या, तेलुगूत करा, इंग्रजीत करा, मधात उर्दू शबद घाला, त्याले सगळं सारखं. त्या साली त्यानं कॉम्प्युटर घेतला, त्याच्यावर क्रोशाचं झाकन टाकलं, बाहेर 'इंटरनेट' असा बोर्ड लावला. पन राजेहो, कॉम्प्युटर नवा असला तरी डोकं कार्बन पेपरचंच. एक कागद घाला, खाली कार्बन घाला, चौदा कॉप्या काढा. बाबारावनं पुस्तकातले चौदा पत्ते दाखवले, अन् यशवंतरावनं ते चौदाच्या चौदा वरच्या पैल्या खान्यात एकाखाली एक ठोकले. खाली अजून दोन खाने रिकामे होते. बाबारावनं इचारलं बी, हे कायचे? यशवंतराव चष्मा वर करून म्हने, ते सरकारी कामाचे हायत, आपल्याले हात लावायचं काम नाई. आता सांगा, एवढा तीस वर्षांचा टाईपवाला सांगते तर बाबारावचं काय चुकलं?

अन् मजकूर कसा? मराठी, पन अक्षरं इंग्रजी. पोरीची जन्मतारीख, उंची, शाळा, घरचा पत्ता, फोन, सगळं. अन् शेवटी बाबारावनं आपल्या मनानं तीन ओळी घातल्या, तोंडानं सांगत गेला अन् यशवंतराव ठोकत गेला. "आपलं स्थळ आमच्या मनात भरलं आहे. ही माहिती फक्त तुम्हालाच कळवत आहे, दुसरीकडे कुठंही बोलणी नाहीत. तरी गुप्तता राखावी." चौदाजनाईले, राजेहो! अन् वर चौदाईची नावं, उन्हात वाळत घातल्यासारखी. त्यात दोन तर पुसदच्या एका घरातले सख्खे भाऊ.

तीन दिवस काही नाई. चवथ्या दिवशी दुपारी यशवंतरावनं बेल्याच्या गाडीवाल्या कंडक्टरजवळ एक गठ्ठा देल्ला. लिफाफा नाई, दोरा नाई, उघडे एकतीस कागद. कंडक्टर मानूस तेलुगू, मराठी त्याले दोन आन्याची येते, पन अक्षरं इंग्रजी ना, मंग वाचता येते. तिकिटं फाडून झाली, बसायले जागा भेटली, अन् त्यानं सहज वाचायले घेतलं, मोठ्यानं, शाळेतल्या पोरासारखं अक्षर जोडून जोडून. वाचनाऱ्याले काही समजत नाई अन् ऐकनाऱ्या अख्ख्या गाडीले सगळं समजून राह्यलं!

काय होतं त्यात? अमेरिकेतल्या पोरानं लिवलं होतं का मले या यादीतून काढा. ते त्यानं एकट्या यशवंतरावले नाई धाडलं, चौदाईले धाडलं. त्यावर बंगलोरवाल्यानं सगळ्याईले लिवलं, मले बी काढा. पुन्याच्या एकानं सगळ्याईले लिवलं का बाबाहो, सगळ्याईले लिवू नका. त्यावर सहाजनाईनं सगळ्याईले लिवलं का बरोबर हाय, सगळ्याईले लिवू नये. पुसदच्या थोरल्यानं धाकट्याले इचारलं का तुले बी आलं का, अन् माह्या आधी तू पुस्तकात नाव देल्लंच कसं, अन् ते बी सगळ्याईनं वाचलं. अमेरिकावाल्याले अन् बंगलोरवाल्याले कळलं का आपन कॉलेजात एका खोलीत राह्यलो होतो, मंग त्याईची ख्यालीखुशाली तीन कागद चालली. गाडी हसून हसून लोळून राह्यली होती.

मंग आला यवतमाळच्या भगवंतरावचा कागद. हा पोरगा नाई, पोराचा बाप, पत्ता पोराचा वापरनारा. कंडक्टर तसाच जोडून जोडून वाचत गेला. "हीच ना ती मुलगी, जिचं वणीचं ठरलेलं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं? कारण काय होतं ते सर्वांना कळावं."

गाडीतलं हसू थांबलं. वनीचं मोडलं होतं हे बेल्यात चार घराईले मालूम होतं, अन् त्या चार घराईनं दोन वर्षं ते तोंडाबाहेर काढलं नव्हतं. आमच्या भागाबाईनं, भाजीवालीनं, टोपलं बाजूले सारलं, उठली, कंडक्टरच्या हातातून गठ्ठा घेतला, पदराखाली धरला, अन् बेला येईपर्यंत सोडला नाई. बाबारावच्या दुकानात तिनं तो गठ्ठा ठेवला अन् एवढंच म्हटलं का खालचा कागद, तो यवतमाळवाल्याचा, पोरीले तुमीच वाचून दाखवा, दुसऱ्या कोनाच्या तोंडून जाऊ देऊ नका.

पन बाबारावचं धाडस नाई झालं. तो गठ्ठा त्यानं आधी साखरेच्या पोत्यामांगं ठेवला, मंग पोत्याखाली, मंग काढून तागडीच्या पलड्यात. गिऱ्हाईक हळद मागे, हा मीठ बांधून दे. दुकानाच्या पायऱ्या उतरे, पुन्हा चढे. पाच वाजता शाळा सुटली, रेनुका सरळ दुकानात आली अन् हात पुढं केला. शाळेपर्यंत गेलीच होती ना ती गोष्ट, बेला काय लंडन हाय का?

उभ्यानंच वाचले तिनं एकतीस कागद. रडली नाई. भांडली बी नाई. कागद सारखे केले अन् म्हने, "बाबा, चौदा घरी मले दाखवून आनलं तुमी, अन् मले मालूमच नाई."

तुमाले सांगतो, याच्यापेक्षा पोरीनं दोन भांडी आपटली असती तर बरं झालं असतं. बाबाराव एकदम उठला अन् म्हने, मी आत्ताच जातो यवतमाळले, त्या भगवंतरावची कॉलर धरतो. चप्पल बी उलटी घातली त्यानं. रेनुकानं त्याले बसवलं अन् समजावलं का त्या मानसानं जे केलं ते वाईटच, पन दार आपन उघडं टाकलं. त्या चौदाईले आपन इचारलं होतं का, का तुमचं नाव बाकीच्या तेराईले दाखवू म्हनून? अमेरिकेतल्या पोराचं लगन ठरवायचं हाय हे त्याच्या बंगलोरच्या दोस्ताले कळायची काय गरज होती? ज्याचा पत्ता त्याचा. आता हे सगळं खरं हाय, मी नाई म्हनत नाई, पन एका बापाले एवढं सगळं एका दिवसात कसं कळावं? सांगा, काय चुकलं?

आयतवारी बापलेक आदिलाबादले गेले. रेनुका खुर्चीवर बसली, यशवंतराव मांगं उभा, बाबाराव दारात, आत बाहेर, आत बाहेर. तिनं त्या रिकाम्या खान्याईतल्या सगळ्यात खालच्यावर बोट ठेवलं. यशवंतराव लगेच म्हने, सरकारी हाय. ती म्हने, पाहू तर द्या. तिनं आधी त्या खान्यात यशवंतरावचाच पत्ता टाकला अन् खाली त्याच्या जावयाचा, अन् दोन ओळी धाडल्या. पत्र आलं, पन जावयाचं नाव त्यात कुठंच नाई. यशवंतरावनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तीस वर्षांत त्याले असा कार्बन भेटला नव्हता का ज्याच्यात एका कॉपीले दुसऱ्या कॉपीचा पत्ताच नाई.

बाबारावले हे पटेना. त्याचं म्हननं, बोलनं सगळ्याईच्या समोर झालं, तर उत्तर बी सगळ्याईच्या समोर व्हावं, नावानिशी, त्या भगवंतरावले समजलं पायजे. रेनुका म्हने का उत्तर सगळ्याईलेच जाईल, नावं नाई जानार. अन् तिनं लिवलं, यशवंतरावले ठोकू नाई देल्लं, एका एका बोटानं सोता लिवलं, अन् धाडायच्या आधी बापाले वाचून दाखवलं.

"मी रेणुका. माझ्याबद्दलचं पत्र मला न विचारता तुमच्याकडे आलं आणि त्यात तुम्हा सर्वांचे पत्ते एकमेकांना दिसले. ही आमची चूक, माफ करा. वणीचं लग्न मी मोडलं. त्यांना शाळा सोडून घरात बसणारी सून हवी होती. पुस्तकात नाव होतं म्हणून हे शेवटचं लिहिते. उत्तर द्यायचं असेल तर एकट्या मला द्यावं, नसेल तर न देणं हेच उत्तर समजेन."

बाबाराव दारातून आत आला, अन् म्हने, "धाड." एवढंच.

मंग जी शांतता झाली राजेहो... आठ दिवस, पंधरा दिवस. बाबाराव रोज मोटारीकडं पाहे. भगवंतरावची एक ओळ आली, एकट्या रेनुकाले, का माह्या पोरानं मले हे लिवायले लावलं हाय अन् लिवून राह्यलो का मी चुकलो. बाकी सगळं गुपचूप. प्रयागबाईचा चहा पुन्हा सुरू, फक्त आता ती इचारे नाई, नुसती कप ठेवून उभी राहे, अन् ते त्याहून वाईट.

तेविसाव्या दिवशी पोष्टानं पाकीट आलं. चिकटवलेलं, वर नाव रेनुकाचं, बापाचं नाई. किनवटचा सुधाकर, जनावराचा डाक्टर, चौदातला एक, ज्यानं त्या एकतीस कागदात एक अक्षर लिवलं नव्हतं. रेनुका पाकीट घेऊन आतल्या खोलीत गेली. बाबाराव बाहेर अंगनात चकरा मारून राह्यला. इचारलं का काय लिवलं, तर आतून आवाज आला का माह्यं पत्र हाय. पुढं लगनाच्या टायमाले तिनंच मायले थोडं सांगतलं. त्यानं लिवलं होतं का तेराजनाईनं वाचावं असं माह्याजवळ काई नव्हतं म्हनून थांबलो. अन् किनवटात मराठी शाळा हायत, तुमच्या नोकरीचं कसं होते ते अजून कोनाले इचारलं नाई, तुमी हो म्हनाल तर इचारीन. इथंच पोरगी राजी झाली, बापानं काही करायची गरजच पडली नाई.

मे महिन्यात लगन झालं. आता इथं गोष्ट संपाले पायजे ना? पन नाई. जूनमंदी बाबारावले एक पत्रिका आली. अमरावतीच्या पोराले पुन्याच्या पोराची बहीन देल्ली, म्हने तुमच्या त्या यादीवरून एकमेकाचा पत्ता भेटला. मंग दुसरी आली, मंग तिसरी. बाबारावले पैल्या रांगेत बसवून फेटा बांधून राह्यले! अन् गावातलेच लोक, जे चहासंगं त्याचं नाव चावून खात होते, ते आता दुकानात येऊन म्हनतात का आमच्या पोरीचं बी धाडा. तो बिचारा समजावून सांगते, खालचा खाना, लपवलेली नावं, ज्याचा पत्ता त्याचा, आधी पोरीले इचारा. सगळे मान हलवतात अन् म्हनतात, ते बरोबर हाय हो, पन आमचं उघडंच धाडा.

आता मी बी बाप हाय. पोरीले इचारलं, ती हो म्हने. मंग गेलो काल, काय करता. म्हटलं, बाबाराव, माह्या पोरीचं बी पाहा त्या चौदात. त्यानं वही काढली, बोट फिरवलं, अन् म्हने, चौदातले पाच उरले, अन् तुह्या पुढं अकरा बाप हायत... बसलो मंग तिथंच, साबनाच्या खोक्यावर, बाराव्या नंबरले.