आपोआप पेटणारा बर्नर

(शाळेचं ऑफिस. विज्ञानाच्या बाई आणि प्रयोगशाळा सांभाळणारे मामा.)

मामा : ...तरी मी म्हणतो बाई, वर्ग एकटा टाकून यायला नको होतं.

बाई : प्रोजेक्टरची वायर सापडली की निघालेच. आणि नववीची पोरं काय कुक्कुली बाळं आहेत, मामा?

मामा : वर्षभर लॅबला कुलूप होतं. गॅसचा मोठा कॉक आज तुम्ही सांगितलंत म्हणून उघडला. माझं मन काही मानत नाही.

बाई : कुलूप होतं म्हणून शिकणं अडलं का? टॅबवर हा प्रयोग वीसदा केलाय त्यांनी. सगळ्यांना पैकीच्या पैकी! पूर्वी निम्मी पोरं मागे उभी राहून नुसत्या माना उंचावायची.

मामा : ते खरंय. पण पुढच्यांची बोटं भाजायची. जन्मभर लक्षात राहायचं.

बाई : म्हणजे आता भाजून शिकवू? काहीतरीच तुमचं! ...अगं, तू इकडे कशी?

मुलगी : बाई, एकही बर्नर पेटत नाहीये. सगळे बिघडलेत.

बाई : हात लावू नका म्हणून बजावलं होतं ना?

मुलगी : तुम्ही येईपर्यंत तयारी करून ठेवावी म्हटलं. नॉब फिरवले, ज्योतीची वाट बघितली. आलीच नाही.

मामा : आणि काडी?

मुलगी : कसली काडी?

बाई : टॅबवर... टॅबवर नॉब फिरवला की ज्योत आपोआप येते, मामा.

मामा : अरे देवा! पोरी, नॉब परत बंद केलेत का?

मुलगी : ते आपले आपणच होतात ना बंद? पुढचं पान उघडलं की?

मामा : खिडक्या?

मुलगी : लावल्यात. प्रोजेक्टरसाठी पडदेपण ओढलेत.

बाई : अगं, वास नाही का आला तुम्हाला?

मुलगी : येतोय की. आम्हाला वाटलं, लॅबला असाच वास असतो.

मामा : मी कॉक बंद करायला पळतो. बाई, पोरांना बाहेर काढा! दिवा नाही, पंखा नाही, कशालाही हात लावू देऊ नका!

बाई : चल, चल लवकर. कुणाकडे काडेपेटी नाहीये ना?

मुलगी : छे, बाई. तुमच्या खणात फक्त लायटर सापडला. तो मॉनिटरने घेतलाय, दाबून बघू का म्हणतेय. बाईंना विचारून येते तोवर थांब, असं सांगून आलेय मी तिला.