ताई, तुमाला काय हाय?

न्हाय न्हाय, दीपकराव, तो फोटो नको, त्यात मी उगंच हसतीय. दुसरा बघा, तो साडीतला. बसा की, खुर्ची मोडकी न्हाय, नुसती वाजती. तर काय म्हणत होतात — निश. एकच निश धरायचं, म्हणजे एकच विषय, एकच गिऱ्हाईक, सगळ्यांना सगळं विकायला गेलं की कोणच घेत न्हाय, व्हय ना? कळतंय मला, होम सायन्स केलंय मी, आहाराचा डिप्लोमा केलाय. पण आमच्या अप्पांना कोण सांगणार — सासरे माझे, ते काय ओसरीवर बसल्यात. सकाळी विचारलं, कोण येणार हाय गं? म्हणलं, बारामतीवरनं मोबाईलवरचं पेज सांभाळणारा माणूस येतोय, निश ठरवायला. तर म्हणत्यात, नीच ठरवायला बारामतीवरनं माणूस कशाला, माळेगावात काय कमी हायेत? हसा, हसा. मी पण हसले. मग भाकरी थापता थापता वाटलं, म्हातारं चुकलं कुठं? आपण तेच तर ठरवतोय — कुणाच्या कुठल्या दुखण्यावर हात ठेवला की पैका सुटंल.

शुगरचं करून बसलीय मी. कारखान्याच्या गावात शुगरचं! हितं दारात उभं राहिलं की साखर कारखान्याची चिमणी दिसती, दिवाळीला सभासदाची साखर घराघरात येऊन पडती, आन मी मोबाईलवर घसा कोरडा करून सांगायची, साखर सोडा हो. एक दादासो म्हणून होते, फोनवर म्हणाले, ताई, सोडतो, पण आधी कारखान्याचा शेअर विकू का आधी चहा सोडू? झालं शुगरचं. मग वजनाचं धरलं. बायांना म्हणलं, रोज चाला. कुठं चालू ताई? सीझनला रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आन सीझन उरकला की रस्त्यावर लोकांचे डोळे. बाई नुसती चालताना दिसली की हटकत्यात, कुठं निघालीस गं? काय सांगायचं तिनं, पोट फिरवून आणती म्हणून? घ्या, चहा घ्या, निवतोय. साखर घातलीय, भिऊ नका.

आता तुमी बोट दाखवताय ते — मूल व्हायला आहार. व्हय, ते चालतंय. नको म्हणलं तरी चालतंय. नरसिंहपूर, इंदापूर, लासुर्णं — लासुर्णं तर माझं माहेर, तितल्या बाया मला लहानपणापासनं ओळखत्यात, तरी फी भरून फोन करत्यात. आन का चालतंय ते तुमच्या लॅपटॉपात दिसायचं न्हाय, मी सांगती. बाईला वजन कमी करायला घरातनं परवानगी लागती. थायरॉईड दाखवायला नवऱ्याला येळ नसतो. पण मूल व्हायचं म्हणलं की सासू सोता नंबर लावून देती, सोता फोन हातात धरून बसती. सून मेली तर मरू दे, नातू पायजे! तोंड फटकळ हाय माझं, पण खोटं सांगत न्हाय.

आन त्या बाया आधी काय विचारत्यात, सांगा? डिग्री? डिग्रीला कोण पुसतंय. पहिला प्रश्न ठरलेला — ‘ताई, तुमाला काय हाय?’ काय हाय म्हणजे मुलगा का मुलगी. हाय का न्हाय असं न्हाय हो विचारत, असणारच हे धरूनच चालत्यात. सुरवातीला मी आपली सरळ सांगायची, काय न्हाय. की लगेच ‘बरं ताई, रेंज न्हाय, करती मागनं.’ करती मागनं! आजून करतीय ती. तिचं तरी काय चुकलं? टकल्याकडं केसाचं तेल कोण घेतंय? आन मी तरी कुणाला सांगू, की चौदा वर्षं झाली, पुण्यापतोर दवाखाने झाले, माझं सगळं ठीक हाय, ह्यांचंबी ठीक हाय, रिपोर्टात काय न्हाय. काय तरी असतं तर बरं झालं असतं. नाव तरी घेता आलं असतं.

छकुलीचा फोटो? घ्या की. आत्ता घ्या. येताना बघितली न्हाय का — दाराशी बांधलीय, कपाळावर पांढरा टिक्का? व्हय, तीच. कालवड हाय. असे काय बघताय? तुमालाबी कुणीतरी सांगितलंच व्हय, ताईंना मुलगी हाय म्हणून? आता ऐका कसं झालं ते. नरसिंहपूरची एक स्वराली म्हणून पोरगी हाय, तिचा पहिलाच व्हिडिओ कॉल. मी तिला जेवणाच्या येळा विचारतीय, आन गोठ्यातनं आमच्या सासूबाई वरडल्या — ‘संजीवने, छकुली उठली का बघ गं! सकाळपासनं दूध प्याली न्हाय, अंग गरम लागतंय!’ सासूबाईंचा आवाज तुमी ऐकला न्हाय आजून, शिवंपतोर जातो. स्वराली म्हणती, अगंबाई, तुमाला छकुली हाय? जावा तुमी, बाळाला बघा आधी, मी थांबती. आन तिचं तोंड कसं झालं म्हणून सांगू! मी सांगणारच होते. देवाशप्पत, जिभेवर आलं होतं. पण माझ्याकडं तसं कुणी बघितलंच नव्हतं कधी. ह्या बाईला झालं म्हणजे मलाबी होईल, असं. म्हणलं, उद्या सांगू. तवर तिनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं नणंदेला, आन पार इंदापुरापतोर झालं — ताईंना बारा वर्षांनी झाली, सोताच्याच आहारानं. मी कुठं म्हणलं? एकदाबी म्हणलं न्हाय. मी फक्त गप बसले.

न्हाय — एकदा म्हणलं. एकदाच.

स्वरालीला दिवस गेले. माझ्यामुळं? काय दिलं मी तिला — बाजरीची भाकरी, पालेभाजी, हळीव, खजूर, येळेवर झोप. दवाखान्याच्या गोळ्या वर्षभर चालूच होत्या तिच्या. तीच भाकरी आन तेच हळीव मी चौदा वर्षं खातीय, दीपकराव! पण तिनं ते माझ्या नावावर टाकलं, आन डोहाळजेवणाला बोलावलं. आता तुमी पुरुषमाणूस, तुमाला हे कळायचं न्हाय. आमच्या भावकीत डोहाळजेवण असलं की पोटुशीनं काय खायचं ते मला विचारत्यात, पण ओटी भरायला मला हाक येत न्हाय. तोंडानं कोण काय म्हणत न्हाय हो, चांगली माणसं हायेत. ‘संजीवनी, जरा पुऱ्यांकडं बघ बाई, करपतील’ — बास, येवढंच म्हणत्यात. चौदा वर्षं मी पुऱ्यांकडं बघतीय. एकबी करपू दिली न्हाय.

आन तितं, नरसिंहपुरात, घर भरून बाया, आन तिची सासू म्हणती, पहिली ओटी ताईंची. पहिली! मला हाताला धरून पुढं नेलं. नारळ, खण, ओंजळभर गहू. मी न्हाय म्हणायला पायजे होतं. पुऱ्यांकडं बघती म्हणायला पायजे होतं. भरली मी. निम्मे गहू सांडले खाली. आन ती स्वराली वाकून माझ्या कानात म्हणती, ताई, छकुलीला आणलं न्हाय? म्हणलं, झोपली होती गं. उठवू वाटली न्हाय. झालं, निघून गेलं तोंडातनं. आन लाज वाटायची सोडून, दीपकराव, मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. यष्टीत बसले तरी खिडकीला डोकं टेकून मी आपली मनात म्हणतीय, उठली आसंल आता, दूध मागत आसंल. येडीच की. घरी आले तर सासूबाईंनी डोक्यातला गजरा बघितला, ओटीतला नारळ बघितला, आन म्हणाल्या, वासराच्या जिवावर मान घेऊन आलीस व्हय? नारळ देवापुढं ठेवला आन चुलीपुढं जाऊन बसले.

आन हे सगळं ऐकूनबी तुमी म्हणताय, हीच तर स्टोरी हाय. ‘मी स्वतः हे सोसलंय, आज मी एका गोड मुलीची आई आहे’ — वाचलं मी तुमी लिहिलेलं, काल पाठवलंत ते. चांगलं लिहिलंय, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. सगळेच करत्यात म्हणताय. करत असतील. पण त्या पोरीला आजून सातवाच महिना हाय. देव न करो, काय कमीजास्त झालं, तर कोण म्हणंल का नशिबाचं झालं? म्हणतील, वांझेनं ओटी भरली. आन आयुष्यभर ती पोरगीबी तेच म्हणंल. मला रातभर झोप लागत न्हाय, आन तुमी मला वासराचं झबलं शिवायला सांगताय!

बरं, ऱ्हाऊ द्या. मी तयार हाय. खरंच. हेच निश धरू, मूल व्हायचं. काढा मोबाईल. मी सांगती ते टाका, पहिल्याच ओळीत, फोटोखाली, ठळक — ‘आहारतज्ज्ञ संजीवनी. यांना मूल नाही.’ येवढंच. बाकी डिग्री-बिग्री खाली टाका. टाका की.

काय झालं? शब्द सोपा हाय. मूल. नाही. गिऱ्हाईक पळंल म्हणताय? गिऱ्हाईकाचं मागनं बघू, तुमी आधी टाईप तर करा, हितं आपण दोघंच हाय. नसतंय तसं लिहायचं? का नसतंय? टकल्या वकिलाला चालतंय, लंगड्या मास्तरला चालतंय — काल कसं भराभरा चाललं आसंल बोट, ‘गोड मुलीची आई’ लिहिताना…

बघा. तुमच्या अंगठ्यालासुद्धा विटाळ झाला.

उठा. न्हाय, पैशाचं काय बोलू नका. उठा, दीपकराव. जावा.