चाळीस किलोची छकडी

...आता तुमीच सांगा, मानसानं डोकं लावनं हा गुन्हा आहे का? नाई, मी तापून राह्यलो तर काऊन तापून राह्यलो, ते तरी आइका. मी लटारू सुतार, पोंभुर्ण्याच्या इकडचा. शंकरपटात बैलजोड्या धावते ना, त्यायच्या मागची ती हलकी छकडी, ते बनवनारा मी. अन् तुमाले सांगतो, माही जिंदगीत एकच हौस... आपल्या हातची छकडी पटात पैली यावी, अन् दुसऱ्या वर्षी तेच छकडी पुन्हा धावावी. बस. जास्त मागतो का मी? पन दर वर्षी माही छकडी पैली येते, अन् दर वर्षी पटसमिती नियम बदलवते!

पैल्या वर्षी मी छकडी बांबूची केली. तीस किलो. बैलायले मागं काही आहे हेच समजे ना, अशी पळाली का पाहनारे पाहतच राह्यले. झालं. समितीचे अध्यक्ष गुणवंतराव आले, नाकात बोलते ते, "लटारूऽ, एवढी हलकी छकडी बरी नोहे. पुढच्या वर्षीपासून चाळीस किलोच्या खाली चालनार नाई." अजी पन बांबू वापरू नका असं नियमात कुठी लिवलं होतं?

बरं, चाळीस तर चाळीस. छकडी पुन्हा बांबूचीच नवी केली अन् वरचं दहा किलो लोखंड आसाखाली लटकवलं. वजन खाली गेलं म्हनल्यावर छकडी उडेच ना, जमिनीले धरून सरळ! पैला नंबर. आले गुणवंतराव. "लटारूऽ, आसाखाली लटकवाचं नाई." काऊन नाई? नियमात कुठी लिवलं होतं?

मग मी पानी काढलं. हो, पानी. छकडीवर बैल हाकनारा धुरकरी उभा राह्यते ना, तिथी पोत्यायची गादी बांधली अन् नाल्यात भिजवली. धानाच्या काट्यावर बरोबर चाळीस. आता नंबर येईस्तोवर घंटाभर उनात उभं राहा लागते, गादी गळत राह्यते, त्याले मी का करू? पैला नंबर. ह्या वेळी गुणवंतराव नाकातही बोलले नाई. सरळ घरी आले, चहा पेले अन् म्हनाले, "लटारू, तूच आता तपासनीस हो. पन तपासनीसाले छकडी बनवता येत नाई." अन् मांगून कोनीतरी म्हनते, चोराच्या हाती किल्ल्या! मी चोर? ज्याचा एक नियम मोडला नाई तो चोर?

पन खुर्ची भेटली म्हनून बसलो. अन् असा नियम लिवला का त्यात मुंगी शिरनार नाई... वजन आता धावायच्या आधी नाई, धावल्यावर. चुलीपाशी माही बायको कमला भाकर थापून राह्यली होती. म्हने, "परत वाचा जी." मी परत वाचला. कौतुकानं वाचला, येड्यावानी.

दुसऱ्या दिवसापासून माह्याच सपरीत, छकडी बनवाच्या जागी, मले बंदी. कमला म्हने, "तुमी आता समितीचे मानूस, तुमी पाहू नका." तीस वर्षं माह्या बाजूले बसून चाकाचे आरे घासले तिनं, तिले का येत नाई?

पटाच्या दिवशी कमलाची छकडी आली. धावली का उडाली, देवाले माहीत! माही नजर काट्यापेक्षा पक्की आहे, अठ्ठावीस किलोच्या वर एक छटाक नाई. पैला नंबर. मी धावलो, म्हनलं काट्यावर घ्या. तर गावातल्या बायायची पुढारी आशाबाई आडवी. "थांबा भाऊ, पूजा नाई झाली."

आता आमच्या गावची रीत अशी का जिंकल्या छकडीले पूजेआधी कोनी हात लावत नाई, अन् तिच्यावर वाह्यलेलं, छकडी घरच्या आंगनात जाईस्तोवर, उतरवत नाई. आल्या बाया. एकेक नारळ. हार. लुगडी. आशाबाईनं तर टोपलीभर धान वाह्यलं, जशी काही पोरीची ओटीच भरून राह्यली. मग काट्यावर घेतली... चाळीस किलो, दोनशे ग्राम! मी कमलाकडं पाह्यलं. ते म्हने, "पूजेचं वजन धरू नका, असं नियमात कुठी लिवलं होतं जी?"

वजनाच्या कागदावर सही मीच केली.

गुणवंतराव कागद घेऊन आले, म्हने लिव नवा नियम, पूजेआधी वजन. लिवतो म्हनलं. अन् मंग बसलो इचार करत. पूजेच्या आधी छकडीले हात लावू द्या म्हनून गावातल्या बायायले सांगन कोन? अन् दुसरं म्हंजे... दोन वर्षं धावनारी छकडी माह्या घरून आजपर्यंत निघाली नव्हती. कागद कोराच वापस केला.

आता पुढच्या पटात ते छकडी पुन्हा धावन. नाव कमलाचं राहीन, अन् वजन मी करीन. पूजा झाल्यावर.