डिझेलचा कॉक सोडून बाकी सगळे

जबाब

नाव : ओळखपत्राप्रमाणे. सगळे चष्मेवाली म्हणतात.
वय : ४९ वर्षे
व्यवसाय : नजर तपासणे व चष्मे पोचवणे
पत्ता : पाण्याच्या जुन्या टाकीमागे, वेल्डिंगच्या दुकानावरचा मजला

मी आज दुपारी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब लिहून देते की, वरील पत्त्यावर मी माझ्या यजमानांसोबत राहते. खालचे वेल्डिंगचे दुकान त्यांचेच आहे. माझ्याकडे चारही चाकांना जोर मिळणारी जुनी डिझेल जीप आहे. डोंगरातल्या ज्या अकरा वस्त्यांना रस्ता म्हणून नुसते दगड आहेत, तिथे मी ती घेऊन जाते, लोकांचे नंबर काढते आणि पुढच्या फेरीला चष्मे नेऊन देते. हे काम मी सोळा वर्षे करते. माझ्याशिवाय तिथे कोणी जात नाही. डॉक्टरांनी उजव्या खांद्यामुळे या महिन्यानंतर दगडांच्या वाटेवर स्टिअरिंग धरायचे नाही असे बजावले आहे. यजमानांना चढावर चक्कर येते. तीन ड्रायव्हर येऊन तो रस्ता बघून गेले, परत फिरकले नाहीत. म्हणजे उद्याची फेरी शेवटची, हे मी मनाशी धरूनच होते.

गाडीच्या मागच्या भागात लोखंडी पेटी चार बोल्टने तळाला जखडलेली आहे. तिच्यात आज वरच्या वस्तीच्या त्रेसष्टपैकी एकसष्ट चष्मे होते, प्रत्येक आपापल्या पाकिटात, वर माणसाची ओळख आणि नंबर. शिवाय नंबर काढायच्या भिंगांची पेटी, दोनशे बत्तीस भिंगे. ती गेली तर माझे दुकान उठले.

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून यजमानांनी काय काय केले आहे ते हवालदारांनी विचारले. स्टिअरिंगला आडवा दांडा आहे. स्टेपनीला साखळी आहे. मागच्या दाराला दोन कुलपे आहेत, पेटीला तिसरे. माणूस रात्रंदिवस लोकांची कुलपे तुटलेली बघतो, त्याचे हे असे होते. या सगळ्यावर त्यांनी डिझेलच्या नळीत एक लपवलेला कॉक बसवला आहे. तो बंद केला तरी गाडी सुरू होते, नळीत उरलेल्या डिझेलवर थोडी चालते आणि मग बंद पडते ती पडतेच. तो कॉक कुठे आहे हे आम्हा नवराबायकोलाच ठाऊक आहे. हवालदारांनी दोनदा विचारले. मी सांगितले नाही. कागद चार लोकांच्या हातात जातो.

आज सकाळी दहा चाळीसला मी बाजारपेठेच्या टोकाला, काच घासणाऱ्याच्या दुकानासमोर गाडी उभी केली. शेवटचे दोन चष्मे घ्यायचे होते. मागचे दार उघडून पेटीत जागा केली, तेवढ्यात आतून तो ओरडला, "ताई, लवकर या, तुमची भिंगं बघून घ्या!" मी दार लोटले आणि किल्ल्यांचा जुडगा कुलपालाच लटकत ठेवून आत गेले. सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात नको, असे यजमानांनी मला शंभरदा सांगितलेले आहे. दांडाही लावला नव्हता. पाच मिनिटांसाठी कोण लावतो? कॉक मात्र बंद केला होता, कारण तिकडे हात आपोआप जातो.

पाच मिनिटांची पंचवीस झाली. एका भिंगाची कड चुकली होती आणि तो कबूल होईना. बाहेर आले तर गाडीच्या जागी डिझेलचा एक डाग. मी रस्त्यावर धावत सुटले आणि धावता धावता यजमानांना फोन लावला. त्यांनी एकच विचारले, "कॉक?"

"बंद."

"मग पळतेस कशाला? चपला घाल."

चपला दुकानातच राहिल्या होत्या, हे त्यांना फोनवर कसे कळले ते मला माहीत नाही.

आम्ही स्कूटरवरून चाकांच्या खुणा बघत गेलो. अकरा पन्नासला गाडी जुन्या खाणीच्या चढावर, अगदी वरच्या टोकाला सापडली, म्हणजे दुकानापासून पावणेदोन किलोमीटरवर. यजमानांचा हिशोब दीड किलोमीटरचा होता. तो चुकल्याचे त्यांना वाईट वाटले. गाडीला कुठे साधा ओरखडाही नव्हता. हँडब्रेक ओढलेला होता, मागच्या चाकाला दगड लावलेला होता आणि किल्ल्या सीटवर ठेवलेल्या होत्या. चाकाला दगड लावणारा चोर मी कधी ऐकला नव्हता.

पेटी उघडी होती. मी आधी भिंगे मोजली. दोनशे बत्तीस भरली तेव्हा जीव भांड्यात पडला. मग चष्मे मोजले. सतरा पाकिटे उघडलेली होती, सगळी लांबच्या नंबरची, म्हणजे मायनसची. प्रत्येक चष्मा परत त्याच्याच पाकिटात घालून झाकण आत दुमडले होते. एक पाकीट रिकामे होते. त्यावर 'सुतार, दोन्ही डोळे मायनस चार' असे माझ्या अक्षरात आहे. मायनस तीनचे पाकीट उघडले होते आणि मायनस पाचचेही.

यजमान म्हणाले, "दोघातिघांचं काम दिसतंय."

मी म्हणाले, "एकच आहे. साडेचारच्या आसपास नंबर. तीननं भागेना, पाच जड झाला, मग चारवर थांबला. त्याला हाताच्या पलीकडचं धड दिसत नाही."

संशयिताचे वर्णन म्हणून माझ्याकडे तेवढेच होते.

यजमानांनी कॉक उघडला, मी तोंड वळवून उभी राहिले म्हणजे कोणी लांबून बघत असेल तर कळू नये. मग ते नळीतली हवा काढायला हाताने पंप मारत बसले. बारा वीसला खाणीच्या वरच्या वाटेने एक माणूस खाली आला. वय अंदाजे अडतीस, शर्टाला धूळ, नाकावर सुताराचा तपकिरी चष्मा. दहा पावलांवर थांबला आणि म्हणाला, "ताई, गाडी मी नेली होती."

यजमानांनी हातातला पाना खाली ठेवला नाही.

मी विचारले, "लांबचं दिसत नाही ना तुला?"

"नाही."

"मग इथवर चालवलीस कशी?"

"अंदाजाने."

यावर मी त्याला जे बोलले ते जबाबात घेण्यासारखे नाही असे हवालदारांचे मत पडले. मला अजूनही, आत्ताही, त्याचाच राग आहे. बाजारातून आणली त्याने गाडी! माणसे होती रस्त्यावर!

मग त्याने सांगितले ते असे. तो या खाणीत नऊ वर्षे डंपर चालवत होता. नजर गेली ते त्याला तीन वर्षांपासून कळत होते, पण त्याने कोणाला सांगितले नाही. चष्मा लागला म्हणजे ड्रायव्हरकी गेली, असे त्याच्या डोक्यात बसले होते. आठ महिन्यांपूर्वी त्याने खाणीचे फाटक उडवले आणि नोकरी गेली. आज किल्ल्या लटकताना दिसल्या. गाडीची चाके विकायची असा त्याचा विचार होता. गाडी बंद पडली तेव्हा काय मिळते ते बघायला पेटी उघडली, सहज एक चष्मा लावला, मग दुसरा, आणि मग बाकी काही सुचलेच नाही.

"चारचा लावून वर निघालो," तो म्हणाला. "वळून बघितलं तर टपावरची पाटी वाचता आली. माझ्या आईचा चष्मा याच गाडीतून आला होता."

पाटीवर 'नजर तपासणी, तुमच्या वस्तीवर' असे आहे. यजमानांनीच रंगवली आहे.

तो स्वतःहून मागच्या सीटवर बसून ठाण्यात आला. गाडी मी चालवली. इथे आल्यावर मी त्याला सांगितले की हा चष्मा सुताराचा आहे, त्याला करवतीची रेघ दिसत नाही, तो तीन महिने हातावर हात ठेवून बसला आहे, तेव्हा चष्मा परत दे. त्याने काढला. शर्टाच्या आतल्या स्वच्छ बाजूने पुसला, पाकिटात ठेवला आणि झाकण आत दुमडून माझ्या हातात दिला. मग बसण्यासाठी बाक चाचपला. हवालदारांनी लिहायचे थांबवले होते. मलाही गलबलून आले, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

साहेबांच्या परवानगीने मी ठाण्याच्या व्हरांड्यात तक्ता लावला आणि दोन दहा ते दोन पस्तीस त्याची नजर तपासली. उजवा मायनस सव्वाचार, डावा मायनस पावणेपाच. तपासणीची फ्रेम डोळ्यांवर असताना त्याने तक्ता शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचला आणि कोणी सांगितले नसताना पलीकडचा सूचनाफलकही वाचून काढला, तारखांसकट. काच घासणाऱ्याला फोन केला आहे. सकाळची कड त्याची चुकलेली असल्यामुळे तो संध्याकाळी सहापर्यंत चष्मा देतो म्हणाला.

चोरीबद्दल माझी तक्रार नाही. न दिसता गाडी चालवल्याबद्दल आहे, ती जरूर लिहावी. सहा वाजेपर्यंत त्याला कोणत्याही गाडीच्या जवळ फिरकू देऊ नये. साहेब म्हणाले, तक्रार नसली तरी प्रकरण कोर्टापुढे जाईल, त्याला हजर राहावे लागेल, आणि आज सोडायचा तर जामीन कोण? मी यजमानांचे नाव दिले. ते बाहेर गाडीची हवा बघत आहेत, त्यांना अजून माहीत नाही. सोळा वर्षांत खाणीचा तो चढ मी एका दमात कधी चढवलेला नाही. त्याने अंदाजाने चढवला.

उद्या सकाळी सातला वरच्या वस्तीला निघायचे आहे. त्रेसष्ट माणसे वाट बघत आहेत. मी शेजारच्या सीटवर बसणार आहे.

हा जबाब वाचून दाखवताना हवालदारांनी कागद लांब धरला, आणखी लांब धरला, शेवटी हात पुरेना. त्यांना माझ्या पेटीतला जवळचा दीड नंबरचा चष्मा वाचण्यापुरता दिला. त्यांनी तो लावून, यजमानांना आत बोलावून, सगळा मजकूर मोठ्याने वाचला. जामिनाची ओळ आली तेव्हा यजमान "सही कुठे करू?" एवढेच म्हणाले. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. कॉक कुठे आहे ते यात लिहिलेले नाही. ते उद्या पावणेसातला मी त्याला दाखवणार आहे.