टाकीत वारा घातल्याबाबत

नाव: सौ. शिवानी सयाजी ताकभाते, वय ४१ वर्षे, धंदा शेती व वाइन तयार करणे, राहणार शेतातील वस्ती, वैरागजवळ, तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर.

मी आज पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता स्वतः हजर होऊन जबाब देते की, मी वरील ठिकाणी पती सयाजी यांच्यासह राहण्यास आहे. आमची वाइनच्या द्राक्षांची बाग असून बागेतच शेडमध्ये छोटी वाइनरी आहे. बागेत आम्ही रासायनिक खत किंवा औषध वापरत नाही. शेणागोमूत्राचे जीवामृत, दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क व आंबट ताक एवढ्यावर बाग जपतो. वाइनलाही बाहेरचे यीस्ट घालत नाही. द्राक्षाच्या सालीवर निसर्गतः जे असते त्यावरच रस आंबतो. आमच्याकडे सेंद्रिय मालाचे प्रमाणपत्र आहे.

आमच्या पश्चिमेस बांधाला लागून गुफरान मुलाणी (शेजारी), वय अंदाजे ५० वर्षे, यांची खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे. ते औषधे फवारतात. वारा तिकडून असला की फवारा आमच्या कडेच्या ओळींवर येतो. यावरून आमचे व त्यांचे बोलणे बंद होते. आम्ही बांधावर तारेचे कुंपण घालून आडोशाला शेवरीची झाडे लावली. मागील महिन्यात मी याच ठाण्यात त्यांच्याविरुद्ध तक्रार अर्ज दिला आहे. त्यातील मजकूर खरा आहे व आजही मी तो खोटा म्हणत नाही. परंतु काल जे घडले त्याचा त्या अर्जाशी संबंध नाही, हे सांगण्यासाठी मी आले आहे.

काल दुपारी जेवणानंतर मी, पती व आमच्याकडे कामास असलेल्या बजाबाई असे तिघे वाइनरीत होतो. दाराजवळच्या मोठ्या टाकीतील लाल वाइन सकाळी काढून घेतली होती. तळाला सालींचा चोथा उरतो, तो टाकीच्या खालच्या, माणूस शिरेल एवढ्या झडपेतून ओढून काढायचा असतो. चोथ्यातून वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीत साचून राहतो. त्याला रंग नाही, माणूस गुदमरेपर्यंत कळून येत नाही. म्हणून टाकीत माणसाने उतरायचे नाही असा आमच्याकडे नियम आहे. तो नियम पतींनीच भिंतीवर तांबड्या रंगाने लिहिलेला आहे.

काल झडपेची मूठ अडकली. वीज गेल्याने छताचा पंखाही बंद होता. मी बजाबाईंना घेऊन पान्हा आणण्यासाठी शेडमागे गेले. परत आले तेव्हा टाकीला शिडी लावलेली होती व पती दिसत नव्हते. झडप आतून ढकलण्यासाठी ते उतरले असावेत. हाक मारली, ओ आली नाही. शिडीवर चढून पाहिले असता ते आत चोथ्यात गुडघे टेकून बसलेले व डोके टाकीच्या पत्र्याला लागलेले दिसले. आत पडलेल्या माणसाला काढायला जो उतरतो तोही तिथेच पडतो, हे मला माहीत आहे. आम्ही ते इतरांना शिकवतो. तरी मी एक पाय आत टाकला.

बजाबाई ओरडत बांधाकडे पळाल्या. गुफरानभाई त्यावेळी ट्रॅक्टरच्या ब्लोअरने, म्हणजे मागे मोठा पंखा असलेल्या यंत्राने, फवारणी करत होते. मालक टाकीत पडले, एवढेच बजाबाईंनी त्यांना सांगितले. ते ट्रॅक्टरवरून उतरले नाहीत. कुंपण व शेवरी मोडून ट्रॅक्टर सरळ आमच्या शेडमध्ये घातला, त्यात दाराची चौकट निखळली. त्यांनी मला दंडाला धरून शिडीवरून खाली ओढले. माझ्या दंडावर वळ आहेत ते त्याचे आहेत. दुसऱ्या कशाचे नाहीत.

ते म्हणाले, "वैनी, आत जाऊ नगा. दोघंबी जाशीला. पहार कुटं हाय ते सांगा."

मी पहार दिली. त्यांनी झडपेची मूठ तोडून झडप उघडली. चोथा बाहेर पडला. मग त्यांनी औषधाचा पंप बंद केला, नुसता पंखा चालू ठेवला आणि ट्रॅक्टर वळवून पंख्याचे तोंड झडपेकडे केले. वारा टाकीत शिरू लागला. वरच्या झाकणातून सालीचे तुकडे उडताना मी पाहिले. त्यानंतर ते झडपेतून खांद्यापर्यंत आत शिरले. मी व बजाबाईंनी त्यांच्या कमरेला धरले होते. ते म्हणाले, "मी बोलत ऱ्हातो. बोलायचा थांबलो की मला वढा." ते आतून सारखे बोलत होते. काय बोलत होते ते पंख्याच्या आवाजात कळले नाही. आवाज येत होता. मग "घावला" असे ऐकू आले व तिघांनी मिळून पतींना पायाकडून बाहेर काढले. त्यांचे ओठ निळे पडले होते. श्वास होता.

मी पतींचे डोके मांडीवर घेऊन मागे बसले व आमची मोटार गुफरानभाईंनीच बार्शीच्या दवाखान्यापर्यंत चालवली. तेथे बाकावर बसलो असता ते मला म्हणाले, "माझ्या पंख्यात औषध व्हतं, वैनी. तुमचा माल बाटला असंल." ते दोन वेळा म्हणाले.

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्या टाकीशेजारच्या दोन टाक्या उघड्या होत्या. त्यातील वाइन आता सेंद्रिय म्हणून विकता येणार नाही. ते आम्ही प्रमाणपत्र देणाऱ्यांना स्वतःहून कळवणार आहोत. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. कुंपण, चौकट व झडप यांबद्दलही नाही.

माझे थोरले दीर रावजी ताकभाते हे सोलापुरात राहतात. ते नंतर वस्तीवर जाऊन दवाखान्यात आले. मोडलेले कुंपण, माझ्या दंडावरचे वळ व जुना वाद यावरून त्यांनी गुफरानभाईंनी घातपात केल्याचा संशय पोलिसांना सांगितला. त्यांनी तो भावाच्या काळजीपोटी सांगितला. घटना घडली तेव्हा ते हजर नव्हते. मी हजर होते. गुफरानभाईंना चौकशीसाठी ठाण्यात बसवून ठेवल्याचे मला आज सकाळी समजले, म्हणून मी दवाखान्यातून थेट इकडे आले.

पती आज पहाटे शुद्धीवर आले. त्यांनी पाणी मागितले व मला नावाने हाक मारली. डॉक्टरांनी धोका टळल्याचे सांगितले आहे. झालेली हकीकत मी पतींना सांगितली. ते म्हणाले, "त्याला घिऊन ये." तरी गुफरानभाईंना माझ्यासोबत जाऊ द्यावे, ही विनंती.

जबाबात आभार लिहीत नाहीत, असे हवालदारसाहेबांनी मला समजावले. मी आग्रह केल्यावरून लिहून घेतले आहे की, माझा नवरा जिवंत आहे तो गुफरानभाईंमुळे आहे. हे मी त्यांना अजून तोंडाने सांगितलेले नाही. ते बाहेर बाकावर बसले आहेत. इथून उठल्यावर सांगणार आहे.

हा जबाब माझ्या सांगण्यावरून संगणकावर उतरवून मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना गुफरान मुलाणी यांच्या नावापुढे "गैरअर्जदार", म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो, असा शब्द आला. तो माझ्या सांगण्यावरून काढून तेथे "शेजारी" असे घातले आहे. आता सर्व बरोबर आहे.

सही
शिवानी सयाजी ताकभाते