रोज्यातली मापं

...आणि तेही रोज्यात, भर दुपारी! तुम्हाला सांगतो, घशाला कोरड, डोळ्यांपुढे सरबताचे पेले नाचताहेत, आणि आमची मेव्हणी इन्शिराह अझहर भागातल्या कापडबाजारात एकेक तागा ताणत चाललीय. आडवा ओढ, उभा ओढ, सोड... बघ! माझ्या शाहिंदाचं लग्न ईदनंतर, पोशाख मावशी शिवणार, म्हणजे कापड मावशी निवडणार, म्हणजे पिशव्या मी उचलणार.

तरी म्हटलं, "अगं, ते साटीन घे की, काय झळकतंय!"

"भावजी, साटीन मेलं आडमुठं, सूतभर देत नाही. मला दुहेरी विणीचं हवं. अंगाला बसेल पण लोंबणार नाही, ओढलं तर ताणलं जाईल आणि सोडलं की जागेवर!"

विणीचं? म्हणजे बनियनचं? अहो, एकुलती एक पोरगी, आणि नवरीच्या खुर्चीत बनियन घालून बसणार?

एक कापड तिने ओढलं, ते तसंच ओघळून राहिलं. "बघा, लग्न लागेपर्यंत ढोपराशी पोतं होईल!" चला पुढच्या दुकानात. तिथला दुकानदार वैतागला, "अहो हाज्जाबाई, कापड घ्यायचंय की कुस्ती खेळायचीय?"

"तू गप रे, ते टोक धर!" आडवा ओढ, उभा ओढ, सोड... आणि काय सांगू, ते सायीच्या रंगाचं जाडसर कापड टुणकन जागेवर! घेतलं एकदाचं. घरी येऊन लगेच पोरीची मापं. रोजा सुटायच्या आधी, पोट पाठीला टेकलेलं असताना!

मग आली ईद. ईद म्हणजे कहक, खजूर भरलेली बिस्किटं, वर साखर भुरभुरलेली. प्रत्येक शेजारणीकडून परात. "एकच खा गं नवरी, माझ्या गळ्याची शपथ!" नाही म्हणायची सोय आहे का?

लग्नाच्या दिवशी पोशाखाची पाठीवरची चेन अर्ध्यावर अडली. इन्शिराहने कपाळ बडवलं, "या अल्लाह! मी रोज्यातली मापं घेतली!" शाहिंदाचे डोळे भरले, काजळ गालावर. "बाबा, मी नाही जात. सगळे हसतील."

"रडू नकोस, श्वास सोड!" मावशीने दात-ओठ खाऊन ओढलं... आणि ते कापड दिलं हो! दिलं, दिलं, अजून थोडं दिलं, चेन वरपर्यंत! सुरकुती नाही, शिवण उसवली नाही. पोरगी त्यात बसली, नाचली, पोटभर जेवली. जीभ झडो माझी, बनियन म्हणालो! ज्याने ते विणलं, त्याच्या पोराबाळांचं कल्याण होवो. इन्शिराहचे तर हातच धरले मी.

फक्त... सूट माझाही तिनेच शिवलेला. मापं त्याच दुपारची. कापड लोकरीचं, सूतभर न देणारं! पहिल्याच ढोलाला पँटचं बटण उडालं. निरोपाला शाहिंदा गळ्यात पडली, मी ढसाढसा रडलो, आणि जन्मात एकदाच मारायची ती मिठी एका हाताने मारली. विहीणबाई डोळे पुसत म्हणतात, "बघा, एक हात सारखा पोटाशी... आतडं तुटतंय हो बापाचं!"

मी मान हलवली, आणि पँट आणखी घट्ट धरली.